सतरंजीची घडी

क्षमेवरचे प्रवचन सर्वांनाच पटते. परंतु जिला क्षमा करायची ती चार रांगा सोडून मागे बसलेली असेल, तर नुसते पटून भागत नाही.

आईच्या आजारपणात कोणी किती केले, यावरून त्या दोघी सख्ख्या बहिणींचा अबोला सात वर्षे चालला होता. अध्यात्म केंद्रातल्या गीतेच्या वर्गाला मात्र दोघीही नेमाने येत. थोरली पुढे बसे, धाकटी मागे. त्या दिवशी क्षमेवरचे प्रवचन संपून वर्ग सुटल्यावर गुरुजींनी सभागृहातली लांबलचक सतरंजी उचलण्याचे काम या दोघींनाच सांगितले. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडवेना. सतरंजी मोठी, एकेक टोक धरून समोरासमोर चालत आल्याखेरीज तिची घडी होत नाही.

धाकटी चालत आली आणि आपले टोक तिने थोरलीच्या हाती दिले.

“तिरकी झाली,” थोरली म्हणाली.

“तू ओढतेस म्हणून. लहानपणीही माझं पांघरूण ओढून घ्यायचीस.”

“आणि तू झोपेत लाथा मारायचीस, ते?”

धाकटीला हसू आवरेना. “बरं ताई, उलगड परत.”

दुसऱ्या खेपेला घडी काठाला काठ लागून अगदी सरळ आली. थोरली त्या घडीकडे बराच वेळ पाहत राहिली.

“अजून जरा तिरकीच वाटते, नाही गं?”

“वाटतेय खरी,” धाकटी म्हणाली आणि आपले टोक घेऊन पुन्हा मागे चालू लागली.

गुरुजींनी सभागृहाच्या किल्ल्या दोघींसाठी खिडकीत ठेवल्या, आणि ‘दोघी सुखी असोत’ असे मनोमन म्हणून ते पाय न वाजवता बाहेर पडले.