खुळखुळणारी पिशवी

पिशवी समोर आली तशी काजवालीने बंद मूठ आत घातली आणि मुठीतली दोन बटणं अलगद सोडली. पिशवी खुळखुळली. नाण्यांसारखीच खुळखुळली. तिने हात बाहेर काढला आणि चेहरा असा केला, जणू शनिवारच्या जेवणाची वर्गणी तिच्याइतक्या आनंदाने कोणी देतच नसेल.

"हात सैल सोडा, हात सैल!" कटिंग मास्तर पिशवी पुढे नेत ओरडले. "जेवायला सगळ्यात पुढे आणि द्यायला सगळ्यात मागे, असं इथे चालायचं नाही!"

गणवेश शिवणारं ते लहानसं दुकान. मास्तर कापड कापत, कॉलरवाली मावशी कॉलर जोडायची, काका इस्त्री फिरवत आणि ही काजं करून बटणं लावायची. दर शनिवारी पिशवी फिरायची. पहिला हात मास्तरांचा. मूठ झाकून आत, मूठ झाकून बाहेर, कोणी कोणाचं बघायचं नाही, हा दुकानाचा रिवाज. मग मास्तर कोपऱ्यावरच्या खानावळीतून भलंमोठं गरम पातेलं घेऊन यायचे.

नवी होती तेव्हा ती म्हणाली होती, "मी आपला घरून डबा आणते." त्यावर मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "का गं, आमच्या पंगतीला बसायची लाज वाटते?" सगळे हसले. तिचे कान तापले. नवऱ्याचं काम सुटलेलं, पगार यायच्या आधीच भाडं आणि दूधवाला दारात उभे. हे कोणाला सांगणार? म्हणून बटणं. आणि चोरी उघडी पडलीच, तर निदान उपाशी राहायला नको म्हणून शनिवारचा डबाही आपल्या पिशवीच्या तळाशी लपवून आणायची.

पण अलीकडे तिला काही कळेनासं झालं होतं. आपल्या बटणांच्या खणातून ती दोन बटणं उचलायची आणि शनिवारी बघावं तर कोणीतरी मूठभर नेल्यासारखा खण दिसायचा. सोमवारी पुन्हा काठोकाठ. चोर तीच, आणि चोरी झालेलीही तिच्याच खणात! आपलं डोकं फिरलंय, नाहीतर मास्तर आपल्याला खेळवतायत, याहून तिसरं काही तिला सुचेना. शिवाय आज मास्तरांच्या जाकिटाचं मधलं बटणच गायब होतं. "दिव्याखाली अंधार, मास्तर!" काका म्हणाले, तर मास्तर केवढ्याने डाफरले. एरवी त्यांनीच विनोद केला असता.

आज मास्तर खानावळीकडे गेलेच नाहीत. पिशवी घेऊन मागच्या कापडाच्या खोलीत शिरले ते शिरलेच. पोटात कावळे ओरडायला लागले.

"बघ गं जरा," मावशी म्हणाली. "मास्तर आत पैसे मोजतायत की डुलकी काढतायत?"

काजवाली उठली. झालं, पकडली गेले. नोकरी गेली. पाठोपाठ घर गेलं. ती कशीबशी दारापर्यंत पोचली.

मास्तर कापडाच्या ताग्यावर बसले होते. मांडीवर पिशवी उलटी केलेली. शर्टाची पांढरी, पँटची काळी, कोटाची पितळी, नुसती बटणंच बटणं. एक नाणं असेल तर शपथ.

"मास्तर, पांढरी माझी," तिच्या तोंडून निघून गेलं. "दोनच. बाकीची खरंच माझी नाहीत."

"ठाऊक आहे. पितळी काकांची, काळी मावशीची. पगार झाला की नाणी पडतात, पगार संपला की बटणं. सोमवारी मीच परत तुझ्या खणात टाकतो."

तिला काही उमजेना. "मग पातेलं कुठून यायचं?"

"यायचं कुठून तरी." मास्तर बटणं चाळवत राहिले. "घरी एकटा असतो मी. एकट्याने ताटावर बसलो की घास उतरत नाही. फुकट जेवायला बोलावलं असतं, तर तुमच्यातलं एक तरी आलं असतं का?"

हसावं की रडावं, तिला समजेना. आजवर या माणसाला तिने मनातल्या मनात किती शिव्या घातल्या होत्या! तेवढ्यात तिला एक तपकिरी बटण दिसलं. दोरा अजून त्यात लोंबत होता. असलं बटण तिच्या खणात नव्हतं. तिने मास्तरांच्या जाकिटाकडे पाहिलं. मास्तरांनी चटकन तिथे हात ठेवला.

"परवा दात काढला," ते पुटपुटले. "दाताबरोबर खिसाही रिकामा झाला. पण पहिला हात माझा असतो ना. पिशवी वाजायला तर हवी." मास्तरांचा असा आवाज तिने आजवर ऐकलाच नव्हता. "बाहेर काय तोंड दाखवू गं?"

तिने आपल्या कॉलरला टोचलेली सुई काढली. ते बटण जागच्या जागी लावलं, दोरा दाताने तोडला आणि त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

"आज खानावळ बंद आहे म्हणे," ती म्हणाली. आपल्या पिशवीच्या तळातून तिने डबा काढून टेबलावर ठेवला. "माझा डबा आलाय घरून. चुकून."

मग मावशीने मशीनखाली हात घातला. "अगं बाई, माझाही आलाय बघ. चुकूनच." काकांनी इस्त्रीच्या टेबलामागून आपला काढला. तो घडी केलेल्या चादरीत गुंडाळलेला होता.

मास्तर रिकाम्या हातांनी उभे होते. काजवालीने त्यांना खांद्याला धरून मधे बसवलं आणि पुढ्यात ताट ठेवलं.

"हात सैल सोडा, हात सैल!" ती ओरडली, आणि पहिला घास तिनेच त्या ताटात वाढला.