भंडाऱ्याचा कण

वृषालीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, मिटला आणि पुन्हा लावला. पिवळा कण तिथंच होता. बेअरिंग ज्वारीच्या दाण्याएवढं, आतल्या गोळ्या राजगिऱ्याहून बारीक, आणि दोन गोळ्यांच्या मधे हा पाहुणा ऐसपैस बसलेला.

तिचा हात कपाळाकडे गेला आणि हातमोजा आठवून थांबला. सकाळी निरवांगीच्या घरून निघताना आबांनी, तिच्या वडिलांनी, तिला भंडारा लावला होता. “पोरीच्या हातचं काम आभाळात चाललंय, देवाला ठावं असू दे,” म्हणाले होते. मेंढरांमागं अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाच्या बोटांची ती हळद पुसायला तिचा जीव होईना. मग टोपी भुवयांपर्यंत ओढून ती तशीच या धूळबंद खोलीत शिरली होती.

दारावर पाटी होती: पावडर, कुंकू, बांगड्या, सगळं बाहेर. मालक मोहनरावांनी स्वतः लिहून लावलेली. बारामतीतल्या त्यांच्या छोट्या कारखान्याला पहिल्यांदाच उपग्रहाचं काम मिळालं होतं. बारा बेअरिंग, संध्याकाळी सहाला गाडी. सकाळपासून मोहनराव प्रत्येक बेअरिंगवर वाकून स्वतः डोळा लावत होते. वर ना हवा, ना साधं तेल टिकत. त्या कडाक्याच्या थंडीत एक कण अडकला, की या बेअरिंगांवर फिरणारा उपग्रहाचा आरसा जागीच ठप्प, आणि तिथं दुरुस्तीला कुणी मिस्त्री जात नाही. मागच्या महिन्यात गालाला पावडर चोपडून आलेल्या सौरभला त्यांनी त्याच दिवशी पॅकिंगला धाडलं होतं. या खुर्चीवर बसता यावं म्हणून वृषालीने दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं.

चिमट्याने कण उचलला असता, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण बाकीची अकरा बंद झाली होती. त्यांत काय दडलंय, कोण सांगणार? तिला स्वतःचाच भयंकर राग आला. मग ती उठली आणि शेजारच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या मोहनरावांकडे गेली.

“सर, ह्यात भंडारा हाय. माज्या कपाळाचा. बारा बी खोलून धुवावी लागत्याल.”

मोहनरावांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“सहाची गाडी?”

“चुकंल. पण ही अशी जाऊ द्यायची न्हाईत.” तिची नजर खाली गेली नाही. “बारा बी मी परत करून देते. मग मला खुशाल धाडा पॅकिंगला.”

मोहनराव तिला खूण करून दाराबाहेर आले. पाटीखाली थांबून त्यांनी दार नीट लावून घेतलं आणि मगच डोक्यावरची टोपी काढली. त्यांच्याही कपाळावर भंडारा होता, तिच्याहून ठसठशीत, घामाने भुवईपर्यंत ओघळलेला.

“आईला न्हाय म्हणवंना,” ते म्हणाले. “चल, आदी दोघं तोंड धुऊ. मग बारा बी पयल्यापास्नं.”