सभेला न आलेलं विमान

"खिडक्या उघडा सगळ्या," बाईंनी हुकूम सोडला. "काचा लावून आमच्या कानांना कोणी फसवायला नको."

दोघातिघांनी उठून सभागृहाच्या खिडक्या सताड उघडल्या. खाली रस्ता, रस्त्यापलीकडे उंच हॉस्पिटल. त्याच हॉस्पिटलच्या गच्चीवर विजेवर चालणारी छोटी विमानं उतरवायचा घाट एका कंपनीने घातला होता. डोंगरापलीकडच्या गावांतून रुग्ण आणायचे, एरवी चार प्रवासी न्यायचे. त्यासाठी आसपासच्या रहिवाशांची संमती हवी होती. आणि रहिवासी म्हणजे बाई.

बाईंनी उभा जन्म गाणं शिकवण्यात घालवला होता. आत भांडी लावत असल्या तरी बाहेरच्या खोलीतल्या मुलीचा सूर केसभर उतरलेला त्यांना कळायचा, आणि त्या तिथूनच ओरडायच्या. आवाज अजून खणखणीत होता. गल्लीतली पोरं मागून त्यांना 'कर्णा' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं. खरं तर आवडतही होतं.

समोर टेबलामागे कंपनीचा इंजिनियर बसला होता. सभा चालू असताना आमचं हलक्या आवाजाचं विमान इथून जाईल, तुम्ही स्वतःच ऐका आणि मग ठरवा, असं त्याने आधीच जाहीर केलं होतं.

"कधी येणार तुमचं विमान?" बाईंनी विचारलं.

"येईल. पण आधी तुमचं ऐकू द्या. सावकाश बोला, घाई नाही."

सकाळी सूनही नेमकं हेच म्हणाली होती. सून याच कंपनीत वैमानिक. त्यावरून घरात बरेच दिवस फुरंगटणं चालू होतं, भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा मुलामार्फत कळवलं जायचं. आज मात्र ती आपणहून बोलली.

"आई, मनात काही ठेवू नका. सगळं बोला."

"तू येणार ना ऐकायला?"

"जमलं तर येते."

जमणार नाही, हे बाईंनी तेव्हाच ओळखलं. आपल्या कंपनीची फजिती डोळ्यांदेखत कोणाला बघवते?

बाईंनी पदर खोचला आणि सुरुवात केली.

"आमचं आधीचं घर विमानतळाला लागून होतं. विमान उतरलं की फडताळातल्या कपबशा थरथरायच्या. बोलता बोलता वाक्य तोडायचं, विमान जाईस्तोवर तोंड तसंच उघडं ठेवायचं, मग उरलेलं वाक्य. माझा मुलगा बोलायला लागला तोच ओरडत. मला वाटलं, माझ्यावर गेलाय."

सभागृहात हशा पिकला.

"मुली सूर लावायच्या आणि मी हात वर करून थांबवायचे. माझं आयुष्यभराचं गाणं विमानांनी असं मध्येच तोडलं. तेही सोसलं. पण मग ह्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. शब्द गेले. दुपारी कसाबसा डोळा लागायचा, तेवढ्यात डोक्यावरून विमान. दचकून उठायचे आणि माझ्याकडे बघायचे. काय पडलं, एवढंही विचारता यायचं नाही त्यांना."

बाईंनी सैल झालेला पदर पुन्हा खोचला.

"म्हणून ते घर विकलं आणि इथे आलो. इथे ते झोपतात. आत्ताही झोपलेत. ती झोप मी कोणालाही देणार नाही."

एवढ्यात रस्त्यावरून घरघर ऐकू आली. "आलं, आलं!" म्हणत निम्मी सभा खिडक्यांकडे धावली. खालून पाण्याचा टँकर चालला होता. ड्रायव्हरने एवढे चेहरे एकदम बघितले आणि बिचकून भोंगाही वाजवला.

"हेही हलक्या आवाजाचंच असेल," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा हशा.

हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई उठल्या. "बाई, तुमच्या ह्यांना त्या दिवशी वेळेत उपचार मिळाले, म्हणून आज ते घरी आहेत. डोंगरापलीकडच्यांचा निम्मा दिवस घाटातच जातो. काहीजण पोहोचतच नाहीत."

हा घाव वर्मी बसला. पण बाई डगमगल्या नाहीत.

"कळतं मला. ज्या घरात असं माणूस आहे तिथल्या बाईला हे सांगायला लागत नाही. म्हणून तर म्हणते, आणा ते विमान. माझ्या ह्या कानांना त्रास झाला नाही, तर पहिली सही माझी. सगळ्यांसमोर सांगते."

इंजिनियरने ते शब्द शांतपणे ऐकून घेतले. "नक्की, बाई?"

"जीभ एकच आहे माझी."

मग त्या आणखी बोलल्या, मनसोक्त बोलल्या. म्हाताऱ्यांच्या झोपेवर बोलल्या, मुलांच्या अभ्यासावर बोलल्या. चहा आला, बिस्किटं संपली, तरी विमानाचा पत्ता नव्हता. शेवटी त्यांनी टेबलावर हात आपटला.

"बघा, आणायची छातीच झाली नाही यांची!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई खुर्चीवर टेकल्या आणि जिंकलेल्या माणसाच्या ऐटीत घोटभर पाणी प्यायल्या.

दार ढकलून सून आत आली. गणवेश तसाच, केस विस्कटलेले, चेहरा उन्हाने लाल झालेला. आली खरी, या एका गोष्टीनेच बाईंचा राग विरघळला. त्यांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"ये गं, बस. तुमच्या विमानाची वाट बघून कान दुखायला लागले आमचे. कुठे अडकलंय ते?"

"अडकलं नाही, आई," सून हळूच म्हणाली. "तुम्ही बोलत होतात तेव्हा तीन वेळा तुमच्या डोक्यावरून नेलं मी ते, आणि आत्ता समोरच्या गच्चीवर उतरवून आले."