डोहाचं मतदान

माशांचं बोलणं ऐकवायला डोहात सोडलेल्या यंत्राचा भोंगा खरखरला आणि मतमोजणी संपली. बंधाऱ्याचं दार बंदच राहू दे म्हणणारे मासे तीनशे बारा. उघडा म्हणणारे चार.

"बहुमत आहे, गजराबाई," मोजणीला आलेले पाटणकरसाहेब म्हणाले. "माशांना विचारल्याशिवाय दार हलवायचं नाही, असा कायदाच आहे आता."

गजराबाई भोई पदर खोचून काठावर उभी होती. "अहो साहेब, तीन वर्षं पाणी कोंडलंत. खळाळत्या पाण्यात नांदणारे खडस मासे गुदमरून नदीत वर निघून गेले. मागं उरल्या साचल्या पाण्यात सुखानं लोळणाऱ्या चिलापी. त्या कशाला वाहती धार मागतील? यंदाही पाणी सुटलं नाही, तर खडस जिथं अंडी घालतात त्या गोट्यांवर गाळ बसेल. मग ते या माहेराला परत यायचे कशाला?"

"जे मतदार आहेत, ते आहेत. आता पुढच्या वर्षी."

"आणि मतदानापुरती मासेमारीला बंदी होती, ती?"

"ती निकालाबरोबर उठली."

गजराबाईनं खांद्यावरचं जाळं उतरवून झटकलं. "या गं बायांनो," ती पाण्याकडे बघत लाडानं म्हणाली, "पुढच्या वर्षीची मतदारयादी आजपासूनच दुरुस्त करू."

पहिल्याच फेकीला टोपलीभर चिलापी आल्या. तिनं दुसऱ्यांदा जाळं उचललं, तोच भोंगा पुन्हा खरखरला.

"साहेब," आतून घोगरा आवाज आला, "फेरमतदान घेता येतं का हो?"