दोघींचं मीठ

"मीठ मी घातलंय हो," सिंधूताई सहज म्हणाल्या.

सोनलचा हात शेवटच्या मोदकाच्या शेवटच्या पाकळीवर थांबला.

"आई, मी पण घातलंय."

सोनलची दीड वर्षाची अदिती नारळाची करवंटी फरशीवर मन लावून आपटत होती.

"अगं, ती रडली म्हणून तू बाहेर गेलीस. मग मी नेहमीसारखं चिमूटभर टाकलं उकडीत. म्हटलं, सूनबाई विसरेल."

सासूबाईंची चिमूट म्हणजे सोनलचा दीड चमचा. शंभर मोदक वाफवून, केळीच्या पानावर मांडून तयार होते. सगळे एकाच उकडीचे.

गेली तीन वर्षं कोटरा सुल्तानाबादच्या या दोन खोल्यांतून टी. टी. नगरातल्या एका मराठी मंडळाच्या गणपतीला मोदक जात. मोजून एकशे एक. घरच्या गणपतीचे मोदक सिंधूताई एकट्या करत, ऑर्डरचे सोनल. आजवर एकही तक्रार नाही. डबे पोचवून, ओटा धुऊन, साडी नेसून घरचे सगळे आरतीला पोचेपर्यंत ताट दरवर्षी चाटूनपुसून रिकामं. सोनलला त्याचा कोण अभिमान! आणि आज आरतीनंतर मंडळाच्या मनोरमाकाकू दिवाळीच्या फराळाचं काम कुणाला द्यायचं ते सांगणार होत्या. चाळीस घरांचा फराळ. ते मिळालं, की मदतीला येणाऱ्या कुसुमला सोनल दिवसभरासाठी ठेवून घेणार होती. म्हणजे अदितीला निदान दुपारी तरी आई मिळाली असती.

"चाखून बघ ना एक," सोनलचा नवरा शैलेंद्र दारातून म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पाऊलभर मागे सरला. नैवेद्य दाखवायच्या आधी चाखायचं? या घरात?

शैलेंद्र मिसरोदच्या एका कॉलेजात मॅनेजमेंट शिकवत असे. त्याने खिशातला मार्कर काढला आणि फ्रिजच्या दारावर गोल काढायला घेतले.

"अशा वेळी आधी सगळे स्टेकहोल्डर लिहायचे. निर्णयाची झळ ज्याला ज्याला बसणार तो प्रत्येक जण."

"म्हणजे पंगतीला बसणारे आणि वाढणारे सगळे," सिंधूताई म्हणाल्या. "मग गणपती मधे काढ. कडेला कुठे टाकतोस त्याला?"

गणपती मधे आला. भोवती मंडळ, भक्त, मनोरमाकाकू, सोनल, कुसुम. खाली ई-रिक्षावाला तिसऱ्यांदा ओरडला, "मॅडम, चलना है कि नहीं?" त्यालाही एक गोल मिळाला. सगळ्यात वर शैलेंद्रने ठळक अक्षरांत लिहिलं: तीन वर्षं, शून्य तक्रारी. हे वाक्य तो वर्गातही सांगत असे.

"आता पर्याय. एक, गप्प राहून पाठवायचे. दोन, खरं सांगायचं."

"तीन," सिंधूताई हळूच म्हणाल्या. "अदितीला द्यायचं. लेकराचं चालतं देवाला."

पातेल्याच्या काठाला उरलेली उकड सोनलने बोटावर घेतली. अदितीने करवंटी टाकली, चोच उघडली, बोट चोखलं आणि चार दात दाखवून खुदकन हसली.

"गोड आहेत!" शैलेंद्रने मार्करला टोपण लावलं.

"काल चप्पल चाखूनसुद्धा अशीच हसली होती," सोनल म्हणाली.

अदितीने पुन्हा तोंड उघडलं होतं. बोटावर काय आहे ते तिने पाहिलंही नव्हतं. आईचं बोट होतं, तेवढं तिला पुरे होतं. सोनल त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिली. आरती संपली की मंडळातली माणसंही अशीच हात पुढे करणार. डोळे मिटून.

तिने पदराला हात पुसले आणि फोन लावला. स्पीकरवरच.

"मनोरमाकाकू, मी सोनल. मोदक तयार आहेत, पण खारट झाले असणार. मीठ दोनदा पडलंय. चाखता येत नाही, म्हणून सांगतेय. तुम्ही म्हणाल तर पाठवत नाही."

"दोनदा? कुणी कुणी घातलं?"

"मी आणि आईंनी."

सिंधूताईंनी हात जोडले, ते गणपतीला की फोनला, कळलं नाही.

मग काकू हसायला लागल्या. थांबता थांबेनात.

"म्हणजे असं आहे होय! अगं बाई, तीन वर्षं डोकं खाजवतोय आम्ही. पहिल्या वर्षी लोकांनी एक-एक मोदक खाल्ला आणि तांब्या-तांब्या पाणी प्यायलं. पण प्रसादाला नावं कोण ठेवणार? दुसऱ्या वर्षी सवय झाली. परवा माझ्या जावेने केले, तर सगळे म्हणाले, सोनलसारखे नाहीत, नुसतेच गोड आहेत!"

सोनलने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी करवंटीकडे पाहिलं. शैलेंद्र फ्रिजजवळ गेला आणि सगळ्यात वरची ओळ शर्टाच्या बाहीने गुपचूप पुसू लागला.

"आणि तीन वर्षांत खरं बोलणारी तू पहिलीच," काकू म्हणाल्या. "चल, पाठव लवकर, आरती खोळंबलीय. दिवाळीचा फराळ तुझाच. आणि ऐक, चकलीत पण मीठ दोघींनी घाला!"