मामाजींचे स्पीकर

माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, आता अजिबात ऐकू येत नाही. म्हणून त्यांचे लाकडी पेटीतले जुने स्पीकर मी दिग्रसच्या साजिदभाईंना विकले.

"असा माल आता कुठी भेटते, ताई! बाबाजीले विचारलं ना?"

एकादशी होती. तोंडानं खोटं बोलवेना, म्हणून मी नुसती मान हलवली.

संध्याकाळी दिवा लावून, आता स्पीकर नव्हते म्हणून, नुसत्या मोबाईलवर भजन लावलं. मामाजी रोज भजनाला स्पीकरवर हात टेकून बसायचे. आधाराला हवं म्हणून मी तिथं तेवढंच उंच स्टूल ठेवलं होतं. त्यांनी स्टुलावर एक तळहात ठेवला, मग दुसराही ठेवला, आणि माझ्याकडे पाहिलं.



"सूनबाई, आज भजन हाताले काहून लागून नाही राह्यलं वं?"