दांडीवरची कोलांटी

दवाखान्यातली बारा तासांची ड्यूटी आटोपून ती लेकीला घेऊन जिमनॅस्टिकच्या क्लासला आली आणि भिंतीलगतच्या बाकावर टेकली. पायांचे नुसते तुकडे पडले होते.

लेक तीन महिने एकाच गोष्टीवर अडली होती. दांडी धरून पाय वर फेकायचे, पोट दांडीला लावायचं आणि गर्रकन पलीकडून वर यायचं. रोज अर्ध्यातूनच धपकन गादीवर!

"आई, आज नीट बघ हं," असं बजावून ती पळाली.

"बघतेय गं," म्हणता म्हणता आईचा डोळा कधी लागला, तिलाच कळलं नाही.

दांडीच्या खडखडाटाने ती दचकली. डोळे उघडले, तर लेकीचे पाय दांडीवरून पलीकडे चालले होते. पुढच्या क्षणी पोरगी वर, हात ताठ, चेहरा लालबुंद. शिकवणाऱ्या ताईंनी टाळ्या वाजवायला हात उचलले, तशी ती दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, टाळ्या नको ना. आई आत्ताच झोपलीय. ती उठली की पुन्हा करून दाखवते."



आईने उघडलेले डोळे पटकन मिटून घेतले.